सहा संचालक, तीन फोन आणि एक माईक

सातारा

साताऱ्यात उतरले तेव्हा माझ्या पर्समध्ये तीन फोन होते आणि एकाही फोनवरून चहाचे पैसे देता येत नव्हते. स्टँडसमोरच्या टपरीवर चहा प्यायले, ऐटीत थोरला फोन काढला, तर पैसे भरायच्या ॲपने तोंडावर सांगितलं, हा फोन सुरक्षित नाही, मी इथे चालणार नाही. आता काय बोलायचं? माझ्या तिन्ही फोनांत जो सगळ्यात कडेकोट, त्यालाच ते चोर म्हणालं. कारण काय, तर त्याच्यात कंपनीने घातलेली प्रणाली नाही, मी घातलेली आहे. मधला काढला, तोच प्रकार. धाकट्यावर ते ॲप चढतच नाही. आणि चिल्लर ठेवायची सवय मोडून मला जमाना झाला. शेवटी बाकड्यावर बसलेल्या एका निवृत्त फौजीने माझ्या चहाचे पैसे देऊन टाकले आणि मोबाईलचं दुकान आहे का तुमचं, म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर, मग तीन कशाला, असं विचारलं. त्याचं उत्तर देता देता माझी कोरेगावची गाडी निघून गेली.

मी पुण्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्यात खोड्या काढते आणि त्याचा पगार घेते. सुट्टीत तेच फुकट करते. ज्यांना ह्या फोनांच्या भानगडीतलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा आणि थेट घेवड्याच्या उसळीपाशी या, मी रागावणार नाही.

फोन आपण विकत घेतो, पण आतली प्रणाली कंपनीची असते आणि आपण कुठे गेलो, काय बघितलं, ते ती दिवसभर मालकाला कळवत असते. ती काढून दुसरी घालता येते. माझ्या थोरल्यातली प्रणाली कडक. प्रत्येक ॲपला वेगळी खोली, खोलीबाहेर पाय टाकायचा तर परवानगी. एखादं ॲप आपले सगळे नंबर मागायला लागलं तर त्याला दोनच दाखवून गप्प बसवता येतं. आत कुणी छेडछाड केली तर फोन सुरू होतानाच बोंब मारतो. खोड एकच, ती मोजक्याच फोनांवर चालते आणि ते फोन ज्या कंपनीपासून पळायचं तिनेच बनवलेले. मधल्यातली प्रणाली मायाळू. टाकून दिलेल्या जुन्या फोनांना जीव देते, चहाड्या करत नाही, पण तिच्यापायी फोनचं मूळ कुलूप उघडं राहतं. खिडक्यांना पडदे झकास आणि दाराची कडी मोडकी, असं ते घर. फोन हातातून गेला की कारभार आटोपला. गुप्तता वेगळी आणि सुरक्षा वेगळी, हे मी लोकांना सांगून थकले. धाकटा लिनक्सवाला. त्याच्या अंगावर खरीखुरी बटणं आहेत, खाली ओढली की माईक, कॅमेरा, नेटवर्क सगळं तुटतं. स्वभावाने सरळ, पण आत ॲपांमध्ये भिंती नावालाच, बॅटरी दुपारपर्यंत, आणि आलेला फोन वाजेलच असं नाही. आणि हो, तिघांपैकी कुणातही सिम घालून चालू केलं की टॉवरला आपण कुठे आहोत ते कळतंच. त्याला कुठलीच प्रणाली काही करू शकत नाही.

हे तीन भाऊ मी हौस म्हणून आणले नव्हते. माझ्या मावसबहिणीचा, सुनंदाआक्काचा, निरोप होता. बातमी बाहेर न जाणारा फोन असतोय म्हणं, तो घेऊन ये. मी म्हटलं, चला, कुठला किती टिकतो ते गावात वापरून बघू. नंतर त्यावर एक अभ्यासपूर्ण लेख लिहायचाही विचार होता. तो लेख हा नव्हे.

आक्काचं गाव

गावाचं नाव मी लिहीत नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. कोरेगावहून वडापनं जाता येतं, एवढं पुरे. वडाप म्हणजे इकडची माणसं भरून चालणारी जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली हे कधी ठरतं ते कुणाला सांगता येत नाही.

आक्काने आल्या आल्या ताट वाढलं. घेवड्याची उसळ, शाळूची भाकरी आणि खर्डा. पुण्यात आम्ही राजमा म्हणून जे काही खातो ते ह्या घेवड्याच्या लांबचंसुद्धा कुणी लागत नाही. माझी तिसरी भाकरी संपेपर्यंत आक्का वाढत राहिली. मग तिने दार लोटून घेतलं आणि खरं काय ते सांगितलं.

गावात एक दूध संस्था आहे. अकरा संचालक. सोमवारी त्यांच्यातून चेअरमनची निवड होती. आत्ताचे चेअरमन तात्या, आक्काचे चुलतदीर. मला कळायला लागल्यापासून तेच चेअरमन आहेत. माणूस वाईट नाही, पण कुणी काही मागितलं की 'बघू' म्हणतो आणि मग बघत नाही. म्हशींचं सगळं करतात बायका, दूध घालायला पहाटे रांगेत उभ्या राहतात बायका, पावसात भिजतात बायका. त्यांनी डोक्यावर एक पत्र्याची शेड मागितली, तात्या बघू म्हणाले. ह्यावरून आक्का निवडणुकीला उभी राहिली आणि संचालक झाली. आता तिच्या बाजूला तिला धरून सहा जण होते, तात्यांकडे पाच.

"शेडसाठी तर हायच," आक्का म्हणाली, "पण खोटं कशाला बोलू मने, मला ती खुर्चीबी पायजे."

मला तिचं ते बोलणं फार आवडलं. आमच्याकडे खुर्ची हवी असलेली माणसं समाजसेवेचं नाव सांगतात.

घोडं अडलं होतं सहाव्यापाशी. सहावे म्हणजे बापू. पांढऱ्या मिशांचा, गोडाचा शौकीन म्हातारा, तात्यांचा लंगोटीयार. बापूंचा पाठिंबा आक्काला अगदी मनापासून होता, कारण त्यांची सूनही त्या रांगेत भिजायची. पण बापूंना कुणाच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही. त्यांनीच मला समजावून सांगितलं. म्हणाले, माझी भीड लय वंगाळ हाय, तात्या म्होरं आला की माझ्या तोंडातनं व्हयच निगतंय. म्हणजे सोमवारपर्यंत तात्या आणि बापू समोरासमोर आले किंवा फोनवर बोलले की आक्काची खुर्ची गेली.

ह्यावर इकडचा ठरलेला इलाज म्हणजे सहल. निवडीच्या आधी आपल्या बाजूच्या मंडळींना गाडीत घालायचं, लांब कुठेतरी न्यायचं, खाऊ-पिऊ घालायचं आणि मतदानाच्या वेळी थेट आणून उभं करायचं. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत अध्यक्षाची निवड असली की लोक आपणहून सहलीला जातात, कारण कुणालाच अध्यक्ष व्हायचं नसतं.

सहलीच्या बंदोबस्ताचा ताबा सुभेदारांनी घेतला होता. तेही संचालक, फौजेतून निवृत्त, आणि गावात त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. त्यांनी माझे तिन्ही फोन हातात घेऊन तपासले आणि स्वतःचा जुना फोन अभिमानाने पुढे केला. ह्याचं कुलूप तोडून दाखव म्हणाले. मी त्यांच्या ओसरीवर नजर टाकली. तिथे त्यांची फौजेतली काळी ट्रंक होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने भलामोठा नंबर, हुद्दा आणि नाव रंगवलेलं होतं. नंबरातले शेवटचे आकडे दाबले, फोन उघडला. सुभेदारांचा चेहरा पडला. मग कळलं की गावातल्या झाडून सगळ्या फौजींच्या फोनचे आकडे असेच आपापल्या ओसरीवर रंगवून ठेवलेले आहेत.

मी वाटणी केली. थोरला सुभेदारांना. मधला आक्काला. धाकटा बापूंना, कारण त्याचं न वाजणं हा दोष इथे गुणात जमा होत होता. सगळ्यांचे नेहमीचे फोन बंद करून मी दुधाच्या कॅनमध्ये घातले आणि झाकण ठोकून बसवलं. नवे सिम घातले, त्यांचे नंबर आम्ही सोडून कुणाला ठाऊक नव्हते. मग तासभर मी सगळ्यांचा वर्ग घेतला. कुठलं ॲप काय चोरतं, ठिकाण कसं बंद करायचं, सगळं. आक्का एका बाजूला लसूण सोलत ऐकत होती. शेवटी तिने एकच शंका विचारली.

"ह्यातनं बातमी भाईर जात न्हाई, ते कळलं. पण आपल्यालाच घालवायची झाली तर? त्याचं बटन कुठाय?"

मी म्हटलं, आक्का, तसलं बटण नसतं, बातमी न जाऊ देणं हेच त्याचं काम. तिने मान हलवली आणि लसूण सोलत राहिली. मला वाटलं, हिला काही समजलेलं नाही.

औंधच्या वाटेवर

गाडी मुबारकभाईंची. वडापचीच क्रूझर, मागच्या काचेवर गावाचं नाव हातभर अक्षरांत आणि खाली म्हशीचं चित्र. मी त्यावर पोतं बांधायला लावलं. मुबारकभाईंना ते अजिबात रुचलं नाही. एवढ्या हौसेनं काढून घेतलंय आणि तुमी झाकताय, म्हणून ते रहिमतपूर येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. हायवेच्या टोलनाक्यावर गाडीची नोंद होते म्हणून मी आतल्या रस्त्याने जायचं ठरवलं होतं, औंध, पुसेसावळी, विटा करत तासगावकडे. रस्ता खड्ड्यांचा, पण लांबवर माळावर पवनचक्क्या फिरत होत्या, खाली तोड झालेल्या उसाची शेतं, कुठे काढून ठेवलेला शाळू. आमच्या गाडीत कसं एकदम सहलीचं वातावरण. आक्काच्या बाजूच्या दोघी संचालिका खिडकीला धरून बसल्या होत्या, कारण त्यांच्या हयातीत कुणी त्यांना सहलीला नेलं नव्हतं. उरलेले एक संचालक गाडी सुरू होताच झोपले. ते सोमवारपर्यंत झोपलेलेच होते, तेव्हा त्यांच्याविषयी अधिक काही लिहिण्यासारखं नाही.

औंधला चहाला थांबलो आणि माझ्या यंत्रणेला पहिला सुरुंग लागला. चहावाल्याने कप ठेवता ठेवता विचारलं, "पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

माझे फोन ठिकाण सांगत नव्हते. बापू सांगायला निघाले. मी त्यांच्या पायावर पाय दिला आणि आम्ही फलटणचं भजनी मंडळ आहोत म्हणून ठोकून दिलं. चहावाला खूश झाला. त्याची धाकटी बहीण फलटणलाच दिलेली. कुठल्या आळीत तुमचं मंडळ, बुवा कोण, अमक्याला ओळखता का. मी एकेक थाप मारत गेले, तो प्रत्येक थापेला एक नातेवाईक लावत गेला. पुण्यात माझ्या समोरच्या दारात कोण राहतं ते मला माहीत नाही, आणि इथे खोट्या माणसालासुद्धा पाच मिनिटांत सोयरीक निघते. शेवटी तो म्हणाला, एवढं मंडळ आलंय तर एक भजन होऊन जाऊ द्या. आता आली का पंचाईत! सुभेदार खाकरून उठले आणि त्यांनी पलटणीत पाठ केलेलं कसलंतरी कवायतीचं गाणं टाळ्यांच्या तालावर म्हटलं. बापूंनी डोळे मिटून मान डोलावली. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरा सुरुंग गाडीत बसल्यावर. थोरल्या फोनमध्ये एक सोय आहे. खऱ्या आकड्याशिवाय दुसरा एक आकडा ठरवून ठेवता येतो. कुणी बंदूक रोखून फोन उघड म्हणालं तर तो आकडा दाबायचा, की फोन आतून धुऊन निघतो. सुभेदारांना ही सोय इतकी आवडली होती, इतकी आवडली होती, की त्यांनी ती गाडीतल्या सगळ्यांना आकड्यासकट समजावून सांगितली. बापूंनी विचारलं, खरंच साफ होतो? सुभेदार म्हणाले, फौजीचा शब्द आहे. मग बापूंनी फोन मागितला, बघायला म्हणून, आणि आकडा दाबला. फोन साफ. आतलं ई-सिमसुद्धा पुसलं गेलं. सुभेदारांचा सगळ्यात सुरक्षित फोन पुसेसावळीच्या अलीकडे नुसता आरसा होऊन बसला. मी कपाळाला हात लावला. बापू मात्र समाधानाने म्हणाले की फौजीचा शब्द खरा निघाला.

तासगावच्या पुढे

राहायची जागा आक्काने सुचवली होती. तासगाव सोडून सांगलीकडे जाताना रस्त्यालगत एक मंगल कार्यालय, वर पाहुण्यांच्या खोल्या, मालकीण तिच्या ओळखीची. मला जागा फारच पसंत पडली. लॉजसारखी नोंदवही नाही, कॅमेरे नाहीत, आधार कार्ड मागायला कुणी नाही. आक्काचं डोकं शेवटी माझ्या वळणावर आलं, असं मला वाटलं आणि तसं मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, तुझ्यासंगं राहून शिकायचं बाई.

सगळीकडे द्राक्षबागा. पलीकडे हिरव्या जाळीच्या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली, त्यांचा आंबटगोड वास खोलीपर्यंत. आम्ही बेदाण्याची एक शेड बघायला गेलो. मालकाने पाव्हणं कुठलं विचारायच्या आत मीच त्याला तुम्ही कुठले म्हणून विचारलं आणि अर्धा तास त्याच्याकडूनच माहिती काढली. एवढी एक युक्ती मला त्या प्रवासात साधली. बापूंनी मूठ मूठ बेदाणे तोंडात टाकत सगळ्या जाळ्यांची पाहणी केली. परतताना त्यांनी धाकट्या फोनची बटणं खालीवर करून पाहिली आणि हा फोन लय गुणाचा हाय, सारखा गपच असतोय, असं प्रशस्तिपत्र दिलं.

संध्याकाळी मी आक्काच्या फोनवरून गावात तिच्या एका मैत्रिणीला फोन लावला. बातमी उत्तम होती. तात्यांनी जंग जंग पछाडलं होतं. एक जीप महाबळेश्वरला पाठवली होती, एक कोकणात. कॅनमध्ये बंद असलेल्या आमच्या फोनांवर त्यांनी रिंगा देऊन देऊन बोटं झिजवली होती. आमचा पत्ता कुणालाही नव्हता. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पुण्यात माझ्या ह्या छंदाला लोक हसतात, नवरा तर घरी आलेल्या पाहुण्यांना सांगून हसतो. इथे सहा संचालक माझ्या जिवावर जिल्ह्यातून गायब झाले होते.

कार्यालयाच्या मागे मोठ्या कढईत बुंदी पाडायचं काम चाललेलं दिसलं. बापू तिकडे दोनदा जाऊन आले. ही बुंदी कशासाठी, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

लग्न

सकाळी सनईने जाग आली. खिडकीतून खाली बघते तर मांडव, फुलं, गाड्या, फेटेवाल्यांसमोर रांग. एप्रिल तोंडावर आलेला, लग्नतिथींचा हंगाम, आणि मी सहा माणसं लपवायला निवडलं होतं मंगल कार्यालय. तरी मी म्हटलं, असो. कुणाचं तरी लग्न आहे, आपण खोलीत दारं लावून बसू. तेवढ्यात मुबारकभाई खालून धापा टाकत आले. नवरीकडच्या एकाशी बोलले होते. नवरी तात्यांच्या साडूची मुलगी.

म्हणजे आम्ही तात्यांपासून पळून तात्यांच्या सोयऱ्यांच्या मांडवात येऊन बसलो होतो. मी सगळ्यांना गाडीत बसा म्हटलं, मागच्या जिन्याने जाऊ म्हटलं. पण खोलीत होतं कोण? दोघी संचालिका नव्या साड्या नेसून आधीच खाली गेलेल्या. आक्का नवरीच्या आईला मिठी मारून उभी, घरचंच लग्न असल्यासारखी, आणि होतंच ते सोयऱ्यांतलं. सुभेदारांना कुणीतरी 'सुभेदारसाहेब' म्हणून खुर्ची दिलेली. आणि बापूंच्या डोक्याला फेटेवाला फेटा गुंडाळत होता, बापू हनुवटी वर करून ताठ उभे.

मी आक्काचा हात धरून तिला बाजूला ओढलं. तात्या येतील ना इथे, म्हटलं. ती म्हणाली, येणार की, साडू हाय त्याचा. आपण लपलोय म्हणजे आपण काय लग्नाला येत न्हाई, असं त्यानं धरलेलं दिसतंय. मला तिच्या शांतपणाचा संताप आला. मी फोनांवर एवढी मेहनत घेतली ती काय ह्यासाठी? बापूंना तात्यांनी हाक मारायचा अवकाश, सगळं मातीत जाणार होतं.

इकडच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी निवेदक माईकवर पाहुण्यांची नावं घेतो. शहरात आमच्याकडे हे होत नाही, आम्ही पाकीट देतो, फोटो काढतो आणि पार्किंगमधून गाडी काढायला धावतो. इथे नाव घेतलं गेलं नाही तर माणूस वर्षभर बोलत नाही. निवेदक कुणी निवृत्त मास्तर असावेत, आवाज खणखणीत. आमदारांचे प्रतिनिधी झाले, कारखान्याचे कोणी झाले. आणि मग कर्ण्यांतून आमच्या गावाचं नाव आलं, जे मी पोतं बांधून झाकलं होतं. "निमंत्रणाला मान देऊन आवर्जून आलेल्या, दूध संस्थेच्या चेअरमन सौभाग्यवती सुनंदाताई, त्याचप्रमाणे व्हाईस चेअरमन बापूसाहेब, आपलं मांडवात सहर्ष स्वागत आहे."

मांडवाने टाळ्या वाजवल्या. बापू आधी इकडेतिकडे बघायला लागले, मग आपल्यालाच म्हणताहेत हे कळल्यावर त्यांनी उठून चारी दिशांना हात जोडले. समोर कॅमेरा होता. आजकाल इकडची लग्नं जशी चालू असतात तशी नेटवर दिसतात, आणि ज्यांना यायला जमलं नाही ते घरी बसून बघतात. आमच्या गावात तर निम्मं गाव बघत होतं, कारण तात्यांच्या साडूच्या मुलीचं लग्न. मी सुभेदारांकडे धावले. हे तुम्हीच सांगितलं ना त्या मास्तरांना, म्हणून त्यांना वाटेल ते बोलले. एकदा आकडा फोडून पोट भरलं नाही का, इथवर माझी जीभ गेली. सुभेदार पलटणीची शपथ घेऊन नाही म्हणत होते. मी विश्वास ठेवला नाही.

आणि तेवढ्यात तात्या आले. कोकणातून उलटे आले असावेत, डोळे तांबारलेले, सदऱ्याला सुरकुत्या. दारातच फेटेवाल्याने त्यांना धरलं. फेटा बांधताना माणसाला हलता येत नाही, बोलता येत नाही, मान वळवता येत नाही. तात्या तसे खिळलेले असताना निवेदकाने त्यांना ओळखलं आणि माईक उचलला. "आत्ताच आगमन झालेले, वधूचे निकटचे आप्त, दूध संस्थेचे माजी चेअरमन, आपले तात्यासाहेब."

माजी! कर्णे चार होते, शब्द चारी बाजूंनी आला. तात्यांनी मान वळवली, फेटेवाल्याने ती परत सरळ केली. मास्तरांची काय चूक? एका संस्थेला दोन चेअरमन कसे असतील, त्यांनी साधा हिशेब केला. तात्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही येत होती, दोन्ही एकदम. आक्काचा मधला फोन कालपासून माझ्याकडेच होता, तो वाजायला लागला तो थांबेचना. काल मी ज्या मैत्रिणीला फोन लावला होता तिने तो नंबर अख्ख्या गल्लीला वाटला होता. गावातल्या बायका, एकीमागून एक, आक्काला द्या म्हणत होत्या. एकीला आनंदाने रडायला येत होतं.

पंगतीत तात्या मुद्दाम बापूंच्या शेजारी बसले. मी समोरच्या ओळीत, कान तिकडे लावून. आक्का पलीकडे बसली होती आणि पत्रावळीतल्या भाताकडे बघत होती.

तात्या हळूच म्हणाले, "बापू, सोमवारी माझ्याकडं हायस न्हवं?"

बापूंनी बुंदी चावून चावून खाल्ली. पाणी प्यायले. त्यांच्या डोक्यावर तो केशरी फेटा, त्याचा शेमला खांद्यावर.

"तात्या, तुला म्या कवा न्हाई म्हणलोय का? पण आता माईकवर झालंय गड्या. एवढ्या पाव्हण्यात टाळ्या पडल्या. त्ये कसं म्हागारी घेऊ?"

तात्यांनी वाढप्याला हाक मारून मठ्ठा मागितला आणि पंगत उठेपर्यंत दोघे एकमेकांच्या म्हशींविषयी बोलत बसले.

परत गावात

परतताना मुबारकभाईंनी मला न विचारता पोतं सोडून टाकलं आणि गाडी सरळ हायवेने घेतली.

सोमवारी संस्थेच्या कार्यालयात निवडीला अधिकारी आले. तात्यांनी अर्जच भरला नाही. माजी तर झालोच हाय, आता अर्ज कशाला, असं म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. त्यांच्या बाजूचे चौघेही हसले, मग तेही हसले. आक्का बिनविरोध निवडून आली. अधिकाऱ्यांनी तिला खुर्चीत बसायला सांगितलं तेव्हा ती आधी खुर्चीच्या कडेला टेकली, मग सरकून नीट मागे बसली. तिने पदराने डोळे पुसले. बाहेर उन्हात बायका उभ्या होत्या, अजून शेड नव्हतीच. मलाही भरून आलं, ते कबूल करायला मला लाज नाही.

संध्याकाळी मी फोन गोळा करायला लागले. सुभेदारांच्या ओसरीवर ट्रंकेवरचा नंबर घासून काढलेला होता, रंगाचा डबा शेजारी तसाच. मी त्यांची माफी मागितली नाही, कारण तोवर मला ते दोषीच वाटत होते. बापूंनी धाकटा परत द्यायला साफ नकार दिला. तो त्यांच्याकडेच राहिला. परवा चौकशी केली तर कळलं, अजून एकदाही वाजलेला नाही आणि बापू सुखात आहेत.

मग गोठ्यात गेले. आक्का चेअरमन झाली तरी म्हैस कुणासाठी थांबत नाही. ती धार काढत होती. तिने मधला फोन कमरेचा काढून माझ्या हातात दिला, दुधाच्या हातानेच. मी त्यावर फडकं फिरवत म्हटलं की हा असा, थोरला तसा, धाकटा तसा, आणि एवढं सगळं करून शेवटी सुभेदारांच्या जिभेने घात केला. नशीब आपलं की उलटं पडलं नाही.

आक्काने मान वर केली नाही.

"सुबेदाराला का बोल लावतीस? मास्तरला म्याच सांगितलं."

धारेचा आवाज चालूच राहिला. का, एवढंच मी विचारलं.

"तुला इचारलं न्हवतं व्हय मी, बातमी घालवायचं बटन कुठाय? तू म्हणलीस, तसलं बटन नसतंय," आक्का म्हणाली. "मग माईक धरला."